अंदाजपत्रकातला बर्फ

माझ्या साडूने मला फसवलं. बर्फाच्या सौद्यात, बरक्याच्या मासळी बाजाराच्या दारात, भर उजेडात, मीच आणलेला हलवा खात खात फसवलं. आणि तेही एक शब्द खोटा न बोलता. मला जास्त राग या शेवटच्या गोष्टीचा आहे. खोटं बोलला असता तर मी त्याला जागच्या जागी पकडला असता. खोटं पकडण्यात माझा हात धरणारा माणूस ओमानात रुवीपासून सोहारपर्यंत नाही.

लोक म्हणतात, जाऊ दे, नातं आहे. नातं आहे म्हणूनच तर लिहितो आहे. परक्याने फसवलं असतं तर त्याच्या गाडीसमोर उभा राहून भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. साडूशी भांडायचं तर आधी बायकोची परवानगी लागते, आणि तिला आधी बहिणीची.

आता बर्फाचं सांगतो, म्हणजे फसवणूक केवढी ते कळेल.

मी गुहागरकडचा. आयटीआयला फ्रीज-एसीचं शिकलो आणि रुसैलच्या एका कारखान्यात मेकॅनिक म्हणून आलो. सकाळी कंपनीची बस कॅम्पवरून उचलायची, संध्याकाळी परत आणून ओतायची. त्या बसमधली खिडकीची जागासुद्धा मी घासाघीस करून मिळवली होती. बदल्यात शेजारी बसणाऱ्या मल्याळी वेल्डरच्या खोलीतला कुरकुरणारा एसी गप्प करून दिला. तेव्हाच कळलं की या देशात थंडी हे चलन आहे. ज्याच्या हातात थंडी, त्याच्याशी सगळे गोड बोलतात.

पुढे बरक्यात एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना दिसला. पत्रे उडालेले, टाकीत कबुतरं. मालक एक वयस्क ओमानी गृहस्थ. मालकाला इथे अर्बाब म्हणतात. त्यांचे वडील गलबताने मुंबईला खजूर नेत, त्यामुळे त्यांना हिंदी येतं, तेही माझ्यापेक्षा चांगलं. मी म्हटलं, "अर्बाब, हा मी चालू करतो, आपण भागीत चालवू." त्यांनी हो म्हणायला एक अख्खा उन्हाळा घेतला. परवाना त्यांचा, डोकं माझं, गंज दोघांचा.

बर्फाचं शास्त्र सोपं आहे. लोखंडी डब्यांत गोडं पाणी भरायचं, डबे खाऱ्या पाण्याच्या थंडगार टाकीत सोडायचे, कॉम्प्रेसर घरघरत ठेवायचा, लादी तयार. पण गंमत बघा. इथे बारमाही नदी नाही. समुद्राचं पाणी विजेवर गोडं करतात. ते मी विजेवर गोठवतो. आणि ते पसरतो समुद्रातूनच काढलेल्या सुरमईवर. समुद्रातल्या पाण्याने समुद्रातल्या माशाला पुन्हा भेटावं म्हणून मधे एवढा खटाटोप! माझी लादी म्हणजे गोठलेलं वीज-पाण्याचं बिल. लादीला हात लावला की गार वाटतं, बिलाला लावला की घाम फुटतो.

त्या बिलात सरकारची सवलत होती. लहान कारखान्यांना वीज-पाणी स्वस्त पडावं म्हणून सरकार अंदाजपत्रकात दरवर्षी काही रक्कम बाजूला काढायचं. ती रक्कम होती म्हणून माझा कारखाना होता. ती गेली, तर टाकीत पुन्हा कबुतरं.

आता साडू. तो मालवणचा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून तोंडावर मी त्याला साडूभाऊ आणि तुम्ही म्हणतो. इथे लिहिताना 'तो' म्हणणार आहे, तेवढा माझा हक्क समजावा. राहतो वादी अदाईत, पण उजाडायच्या आत बरक्यात हजर. ओमानी कोळ्यांकडून सुरमई आणि कुपा घाऊक घेतो, बर्फात भरतो आणि गाडीने दुबईला धाडतो. बर्फ माझाच. त्याची अरबी माझ्यापेक्षा चांगली आहे, कारण तो भांडत नाही, ऐकतो. ऐकणारा माणूस फार धोकादायक.

आमचा दोघांचा एक रिवाज होता. वर्षअखेरीला, मासळी बाजाराच्या दारात, सगळ्यांसमोर पुढच्या वर्षाचा बर्फाचा भाव ठरवायचा. एकदाच. हातात हात दिला की वर्षभर तोच भाव, कागद नाही, सही नाही. ओमानी कोळी आपापल्या टोपल्या सोडून आमची जुगलबंदी बघायला येत. मी हातवारे करून ओरडायचो, साडू नुसता मान हलवायचा. एक म्हातारा कोळी दरवर्षी माझ्या बाजूने ओरडायचा आणि दरवर्षी हरायचा. त्याला भावाचं काही पडलेलं नव्हतं, त्याला फक्त साडूची मान हलायची थांबलेली बघायची होती.

त्या वर्षी हिवाळा लागता लागता बाजारात बातमी पसरली: नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात वीज-पाण्यावरची सवलत जाणार. कोणी म्हणे सगळ्यांची जाणार, कोणी म्हणे फक्त आमच्यासारख्यांची, कोणी म्हणे अजून काहीच ठरलेलं नाही. माझ्या डोक्यात घंटा वाजली. सवलत राहिली तर जुन्या भावात बर्फ देता येईल. गेली तर भाव चढवावा लागेल. म्हणजे कायदा कळायच्या आधी साडूला हात द्यायचा नाही! साडूलाही हे कळत होतं. रोज सकाळी गाडीतून उतरता उतरता त्याचा हात पुढे.

"काय रे, देतंस मा हात?"

"हाताला बर्फ लागलाय, साडूभाऊ. उद्या."

"उद्या उद्या करून तू माका डिसेंबर दाखवशीत."

डिसेंबर लागलाच. मग मी ठरवलं की हा कायदा होतो कसा, ते बघायचं. माणसाने सौद्यात उतरायच्या आधी समोरच्याच्या दुकानाचं मागचं दार कुठे आहे ते बघून घ्यावं, हा माझा नियम. इथे समोर सरकार होतं, म्हणून काय झालं?

घरी चौकशी केली. मुलगी इथल्याच भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत. तिच्या सिव्हिक्सच्या पुस्तकात हा धडा होता म्हणे.

"बाबा, बिल म्हणजे लॉच्या आधीचा लॉ. आधी एका हाऊसमध्ये जातो, मग दुसऱ्या हाऊसमध्ये. मग प्रेसिडेंट साइन करतो."

"जातो नाही, जातं. आणि हे भारताचं झालं. ओमानचं?"

"ते पोर्शनमध्ये नाही."

बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "कसलं बिल? आपलं भरलंय मी ऑनलाइन."

"ते नव्हे गं, सरकारचं बिल!"

"सरकारलाही बिल येतं? बरं झालं. कळेल त्यांना."

मी अर्बाबना फोन लावला. त्यांचा पुतण्या निवडून आलेला माणूस, हे मला ऐकून माहीत होतं. विचारलं, "अर्बाब, ते वीज-पाण्याचं बिल आता कुठे आहे?"

"मजलिसमध्ये," ते म्हणाले, आणि त्यांना दुसरा फोन आल्यामुळे आमचा फोन कटला.

मजलिस म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्या कोणालाही विचारा. प्रत्येक ओमानी घराला लागून, वेगळ्या दाराची, भिंतीलगत गाद्या-लोड मांडलेली बैठकीची खोली. अर्बाबच्या मजलिसमध्ये मी शेकडो वेळा बसलो आहे. तिथला एसीही मीच बसवला आहे. म्हणजे बिल अर्बाबच्या घरी! कोणीतरी सरकारी माणूस कागद घेऊन आला असणार, पुतण्याने बोलावला असणार! मी कॉम्प्रेसर कामगाराच्या हवाली केला, अंगावरचा मिठाचा शर्ट बदलला आणि पिकअप अशी हाणली की वाटेतल्या शेळ्यांनीही जागा दिली.

मजलिसमध्ये अर्बाब एकटेच खजूर निवडत बसले होते.

"बिल कुठाय?" मी दारातूनच.

"कुठलं बिल?"

"तुम्हीच म्हणालात, मजलिसमध्ये आहे!"

अर्बाबनी माझ्याकडे बघितलं, मग खोलीकडे, मग लोडाच्या मागे वाकून बघितल्यासारखं केलं. "मिस्त्री," ते म्हणाले, "बघ, गादीखाली असेल." आणि असे हसले की डोक्यावरची टोपी सरकली. मग डोळे पुसत त्यांनी समजावलं. देशाचीही मजलिस असते. म्हणजे दोन. एक लोकांनी निवडून दिलेल्यांची, एक नेमलेल्यांची. बिल त्या मजलिसमध्ये होतं. ही मजलिस फक्त कहव्याची.

मी शरमेने उठायला लागलो तर म्हणाले, "बस, बस. पुतण्या असरनंतर येतो. तो त्या मजलिसचा माणूस आहे."

आता असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाला वेळ होता, आणि नुसतं बसून राहायला निमित्त लागतं. इथे कहवा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, प्यायचा तर छोटी बिनकानाची वाटी असते. पुरे झालं की ती हातात हलवायची. हलवली नाही तर यजमान भरतच राहतो. मी ठरवलं, वाटी हलवायची नाही. जोवर वाटी हलत नाही तोवर मला कोणी ऊठ म्हणू शकत नाही. अर्बाब भरत गेले, मी पीत गेलो. वेलचीचा कडक कहवा, दुपारचं जेवण नाही. थोड्या वेळाने भिंतीवरच्या खंजिराच्या चित्राने मला डोळा मारला असं वाटलं. पुतण्या आला तेव्हा माझे गुडघे आपोआप ताल धरत होते.

पुतण्या तरुण, हसरा, बोलायला मऊ. मी विचारलं तसा त्याने खजुराचं ताट पुढे ओढलं, त्यातला एक चांगला टपोरा खजूर उचलला आणि ताटाच्या एका कडेला ठेवला.

"हे अंदाजपत्रकातलं तुझं वीज-पाण्याचं पान समज. हे इथे, अर्थखात्यात जन्मतं. तिथे सगळी खाती आपापली मागणी घेऊन येतात, कोणालाच पुरत नाही, सगळे रुसतात."

"म्हणजे आमच्या बाजारासारखं."

"थोडं शांत." खजूर सरकला. "मग मंत्र्यांची बैठक. त्यांनी मान्य केलं की आमच्याकडे, निवडून आलेल्यांकडे." खजूर माझ्या वाटीपाशी येऊन थांबला. "आमची एक समिती बसते, ओळ न ओळ वाचते, खात्याच्या लोकांना बोलावून विचारते, आणि आपल्या शिफारशी लिहिते. मग ते जातं नेमलेल्यांच्या मजलिसमध्ये. ते वाचतात. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही एकत्र बसतात. मग सगळं सुलतानांकडे. फर्मान निघतं, सरकारी राजपत्रात छापून येतं, आणि नव्या वर्षापासून..."

तेवढ्यात अर्बाबनी ताटाच्या शेवटच्या टोकाला पोचलेला तो खजूर उचलला आणि तोंडात टाकला.

"खलास!" बी काढून ते म्हणाले.

आम्ही तिघंही हसलो. पण मी नुसता हसत नव्हतो. मी ताट बघत होतो. इतक्या ठिकाणी खजूर थांबतो, म्हणजे इतकी दुकानं! आणि जिथे दुकान तिथे घासाघीस. मी विचारलं, "आत्ता खजूर कुठे आहे?"

"समितीत. माझ्याच समितीत."

देवाशपथ, मला गादीवर उभं राहून नाचावंसं वाटलं. मी दोन्ही बाह्या वर केल्या.

"हा बर्फ काय मी खातो?" मी सुरू झालो. "हा बर्फ जातो कुणाच्या होडीत? तुमच्या कोळ्यांच्या! बर्फ महाग झाला की कोळी कमी घेणार, कमी घेतला की मासळी उन्हात नरम पडणार, नरम मासळी घ्यायला दुबई काय वेडी आहे? सवलत माझी जाते, पण नुकसान होडीचं होतं! तुम्हाला मतं कोण देतं, मी की होडी?"

पुतण्या ऐकत होता. मग म्हणाला, "सवलत कायमची ठेवा, असं मी सांगू शकणार नाही. सरकारलाही तिजोरी आहे."

"कायमची नको!" घासाघिशीत पहिला आकडा कधीच शेवटचा नसतो. "पण एकदम नको. थंड पाण्यात माणूस ढकलायचा तरी शुवय शुवय ढकला."

शुवय शुवय म्हणजे इथल्या अरबीत हळूहळू. हे दोन शब्द ऐकताच पुतण्याने खिशातून पेन काढलं. "हे बरोबर बोललास," तो म्हणाला. "होडीवाल्यांना बर्फ देणाऱ्या लहान कारखान्यांना टप्प्याटप्प्याने. हे मी मांडतो. होईल का सांगत नाही. इन्शाल्ला."

मी वाटी हलवली. जोरात. घरी जाताना पिकअपमध्ये मी मोठ्याने गात होतो, आणि मला गाता येत नाही.

मग आठवडे असेच गेले. साडूचा हात पुढे, माझा हात मागे. बाजारातल्या कोळ्यांनाही आता कळलं होतं की काहीतरी शिजतंय. तो म्हातारा रोज विचारायचा, "आज?" मी म्हणायचो, "खजूर अजून ताटात आहे." त्याला काही कळत नव्हतं, तरी तो मान डोलवायचा.

आणि वर्ष संपायला आलेलं असताना, एका सकाळी, मी क्रेनने डबे उपसत असताना अर्बाबचा फोन आला. कॉम्प्रेसर घरघरतोय, साखळी खडखडतेय, आणि त्याच वेळी मी मागे वळून बायकोशी बोलत होतो, ती डबा घेऊन आली होती. मराठीत बोलत होतो, हे महत्त्वाचं आहे. फोन कानाला लावला.

"मिस्त्री! ते तुझं सवलत काढायचं बिल..." खडखड खडखड, "...खलास! मबरूक!"

मबरूक म्हणजे अभिनंदन. आणि खलास? आपल्याकडे गुंड खलास होतो, दारूचा साठा खलास होतो, मॅचमध्ये समोरची टीम खलास होते. खलास म्हणजे मेलं! सवलत काढायचं बिल मेलं! मी तिथेच, मिठाच्या चिखलात, बायकोला उचलून गरकन फिरवली. डब्यातली आमटी उडाली.

"अहो, लोक बघतायत! झालं तरी काय?"

"बिल मेलं!"

"आपलं?"

"सरकारचं!"

आता कोणी म्हणेल, इतकी वर्षं आखातात काढली आणि इथल्या खलासचा अर्थ कळला नाही? कळतो. टॅक्सीवाला पोचवून 'खलास' म्हणतो म्हणजे पोचलो. शिंपी 'खलास' म्हणतो म्हणजे शर्ट शिवून तयार. झालं, पुरं झालं, पक्कं झालं. मीच रोज शंभरदा म्हणतो. पण कान हपापलेला असला की तो आपल्याला हवी ती भाषा निवडतो. तेव्हा माझा कान मराठीत होता.

हलव्याच्या दुकानात गेलो. बरक्याचा हलवा, केशर, बदाम, तूप, वर अजून वाफ. मोठं भांडं घेतलं. भाव केला नाही! आयुष्यात पहिल्यांदा. दुकानदार घाबरून माझ्याकडे बघत राहिला, त्याला वाटलं नोट खोटी असेल.

मासळी बाजाराच्या दारात साडू उभा होता. आपल्या गाडीला टेकून, निवांत. मी भांडं त्याच्या नाकाखाली धरलं.

"खावा, साडूभाऊ, खावा!"

त्याने बोटाने चांगला गोळा उचलला. "कसलो हलवो?"

"तुम्हाला कळलं नाही? अहो, बिल! खलास ना?"

त्याने हलवा चघळला. गिळला. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत किंचित काहीतरी होतं, आता आठवतं. मग शांतपणे म्हणाला, "होय तर. खलास."

"पक्कं?"

"एकदम खलास."

मी भांडं बोनेटवर ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. "मग जुना भाव! वर्षभर! आणा हात!"

कोळी धावत आले. साडूने घासाघीस केली नाही, मानही हलवली नाही. हीच ती वेळ, ज्याची तो म्हातारा इतकी वर्षं वाट बघत होता, आणि आनंदाने त्याने टोपलीवर थाप मारली. मी हात दिला. साडूने तो दोन्ही हातांत धरला, प्रेमाने. मी सगळ्यांना हलवा वाटला, मांजरांनाही.

उरलेला हलवा घेऊन अर्बाबकडे गेलो. ते मजलिसच्या पायरीवर उभे होते.

"हलवा? कुणाचं लग्न?"

"बिल मेलं म्हणून!"

"मेलं? अरे, आज तर ते जन्मलं! काल फर्मान निघालं, आज छापून आलं."

"तुम्ही म्हणालात खलास!"

"म्हणालो ना! खलास, झालं, पास झालं!"

"खलास म्हणजे संपलं!"

"खलास म्हणजे पुरं झालं!"

"मग मबरूक कशाबद्दल?"

"तुझे शुवय शुवय घेतले म्हणून! सवलत जातेय, पण होडीवाल्यांच्या बर्फाची टप्प्याटप्प्याने. यंदा पहिला टप्पा. समितीने लिहिलं, दुसऱ्या मजलिसने मानलं, फर्मानात आलं!"

मी पायरीवर बसलो. हसू की रडू कळेना, म्हणून दोन्ही केलं. एका देशाच्या अंदाजपत्रकात, अर्थखातं, मंत्री, दोन मजलिस आणि फर्मान ओलांडून, गुहागरच्या मिस्त्रीचे दोन शब्द छापून आले होते. अरबीत का होईना! आणि त्याच सकाळी तोच मिस्त्री, वीज-पाणी महाग होणार असताना, जुन्या भावाला हात देऊन हलवा वाटून आला होता.

मग अर्बाब सहज म्हणाले, "पण तुझा साडू तर सकाळी इथेच होता. सुरमईचा तुकडा घेऊन आला होता. मी तुला फोन केला तेव्हा माझ्या शेजारी बसून खजूर खात होता. त्याने तुला सांगितलं नाही?"

त्याने मला सांगितलं होतं. दोनदा. खलास. एकदम खलास.

शुक्रवारी वादी अदाईला गेलो. बायको बरोबर होती, कारण परवानगीची अट हीच होती. दोघी बहिणी आतल्या खोलीत, आम्ही बाहेर. साडू टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "बस रे, वायच पाणी पी."

"पाणी महाग झालंय, साडूभाऊ. तुम्हाला ठाऊकच आहे."

"आता ह्यां बघ," तो म्हणाला, "मी खोटा खंय बोललंय? तू विचारलंस, खलास? मी म्हटलंय, खलास. तू म्हटलंस हात, मी हात दिलंय. हलवो पण तूच आणलंस."

"तुम्हाला माहीत होतं मी काय समजलो ते!"

"तू शाणो, आमी खुळे. शाण्याक खुळ्यान काय शिकवचा?"

आतून ताईचा, म्हणजे साडूच्या बायकोचा, आवाज आला, "भांडू नका हो, सोलकढी करतेय." आणि माझी बायको, माझी सख्खी बायको, म्हणाली, "भाऊजी, ह्यांनी मला उचललं तेव्हाच मला शंका आली होती." दोघी हसायला लागल्या. मग साडूही. आणि खरं सांगतो, मीही. सोलकढी पिता पिता मी हसत होतो आणि दर घोटाला रागाने पेला आपटत होतो. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मी त्या दुपारी शिकलो.

शब्द म्हणजे शब्द. वर्षभर मी जुन्या भावात त्याला बर्फ दिला. सवलत एकदम गेली असती तर दुसऱ्या महिन्यातच टाळं लागलं असतं. शुवय शुवयने कारखाना वाचवला. पण नवा कॉम्प्रेसर बसवायचा होता, तो बसला नाही. जुनाच कण्हत, खोकत चालला, आणि उन्हाळाभर मीच त्याच्या उशाशी बसून होतो. देशाशी केलेला सौदा मी जिंकलो. घरातल्या माणसाशी केलेला हरलो. बाजारात सगळे पहिलं विसरले आहेत आणि दुसरं सांगून अजून चहा पितात. तो म्हातारा कोळी मला लांबून बघितलं तरी ओरडतो, "खलास!"

आता पुन्हा वर्षअखेर आली आहे. नवं ताट मांडलं गेलं आहे, नवा खजूर सरकतो आहे. पुतण्याला मी या वेळी काय ठरलं ते अरबीत लिहून पाठव म्हणून सांगितलं आहे, आणि ते मुलीकडून भाषांतराच्या मशीनमध्ये घालून वाचून घेणार आहे. साडूचा हात रोज सकाळी पुढे येतोय. माझा हात खिशात आहे. तो बाहेर निघेल, भावही बोलू, भाव साडू म्हणेल त्याच्या आसपासही येईल. पण आधी एक हिशेब राहिलाय, आणि तो पैशाचा नाही. बाजाराच्या दारात, त्याच कोळ्यांसमोर, त्या म्हाताऱ्याला पुढे उभा करून, मला सरळ उत्तर पाहिजे.

साडूभाऊ, सांगा. माझा हलवा तोंडात असताना तुम्ही 'एकदम खलास' म्हणालात, ते मराठीत की अरबीत?